डॉ. विल्यम मार्स्टन : मानसशास्त्रज्ञ आणि चित्रकथाकार

थोरांचीं चरित्रें वाचावीं, असें आपण सर्वच विद्यार्थ्यांस सांगत असतों. परंतु चरित्रें एकाच जातीचीं नसतात. कांहींमध्यें जन्मापासून मृत्यूपर्यंत एकच सरळ रेघ दिसते. तीं वाचून तसें वागण्याचा यत्न करावा, एवढेंच वाचकाचें काम असतें. दुसऱ्या कांहीं चरित्रांत गुण आणि दोष, कीर्ति आणि फजिती, हीं एकाच धाग्यानें विणलेलीं असतात. अशीं चरित्रें वाचतांना वाचकास ठिकठिकाणीं थांबून, यांतलें काय घ्यावें व काय टाकावें, असा स्वतःशीं विचार करावा लागतो. आज ज्या गृहस्थांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों, तें या दुसऱ्या जातीचें आहे.

डॉ. विल्यम मोल्टन मार्स्टन हे अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ. मनुष्य खोटें बोलतो तेव्हां त्याच्या शरीरांत काय घडतें, याचा शोध त्यांनीं ऐन तारुण्यांत आरंभिला. आणि पन्नाशी जवळ आली असतां मुलांच्या चित्रकथांतील वंडर वूमन ही वीरांगना त्यांनीं निर्माण केली. एक काम न्यायालयाच्या उपयोगाचें, तर दुसरें मुलांच्या करमणुकीचें. वरवर पाहतां या दोहोंचा कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु दोहोंच्या मुळाशीं सत्याचा ध्यास होता. आणि हा ध्यास घेतलेल्या मनुष्यानेंच आपल्या घरांत एक मोठें असत्य मरेपर्यंत जपलें. हा विरोध कसा उत्पन्न झाला, तें त्यांच्या चरित्रक्रमावरूनच पाहूं.

विल्यमचा जन्म ९ मे १८९३ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील सॉगस या गांवीं झाला. तो आईबापांचा एकुलता एक मुलगा. शाळेंत तो हुशार म्हणून गाजला आणि १९११ सालीं हार्वर्ड येथील प्रसिद्ध विद्यापीठांत दाखल झाला. परंतु शाळेंत पहिला येणारा मुलगा कॉलेजांतही सुखानें पहिला येतोच असें नाहीं. इतिहास व निबंधलेखन या विषयांनीं त्यास पहिल्या सहामाहींत इतकें हैराण केलें कीं त्याला जीवही नकोसा झाला. अशा वेळीं प्रोफेसर जॉर्ज हर्बर्ट पामर यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गानें त्यास सावरलें. विचार करण्यांतही आनंद असतो, हें त्यास त्या वर्गांत प्रथम कळलें, आणि ज्या विद्यार्थ्यास सर्व सोडून द्यावेंसें वाटत होतें तो उत्तम गुण मिळवून पुढें गेला. एखाद्या विद्यार्थ्याच्या आयुष्याचें तारूं एका शिक्षकाच्या एका वर्गानें कसें वळतें, याचें हें उदाहरण आम्हां शिक्षकांनीं तरी विसरूं नये.

त्याच वर्षीं डिसेंबर महिन्यांत हार्वर्डमध्यें मोठा गलबला झाला. इंग्लंडांत स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झगडणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट या बाईंना कांहीं विद्यार्थ्यांनीं व्याख्यानास बोलाविलें. परंतु विद्यापीठाच्या चालकांनीं आपलें सभागृह देण्याचें नाकारलें. शेवटीं जवळच्याच एका खाजगी सभागृहांत बाईंचें व्याख्यान झालें आणि तेथें विद्यार्थ्यांची अलोट गर्दी लोटली. विल्यम तेव्हां पहिल्या वर्षांत शिकत होता. स्त्रियांचे हक्क हा विषय पुढें जन्मभर त्याच्या सोबतीस राहिला, त्याची सुरुवात या दिवसांत दिसते.

मानसशास्त्राचे धडे त्यानें ह्यूगो म्यून्स्टरबर्ग या जर्मन पंडिताच्या हाताखालीं घेतले. साक्षीदारांची स्मरणशक्ति किती फसवी असते आणि न्यायालयांनीं मानसशास्त्राचें साहाय्य कसें घ्यावें, यांविषयीं म्यून्स्टरबर्ग यांनीं पुष्कळ लिहिलें होतें. विल्यम कायदाही शिकत होता; तेव्हां गुरूची ही कल्पना त्याच्या मनांत चटकन् रुजली. तिला निश्चित वळण मात्र मिळालें तें एका स्त्रीमुळें. एलिझाबेथ होलोवे ही त्याची बाळपणापासूनची मैत्रीण. ती माउंट होल्योक या स्त्रियांच्या कॉलेजांतून १९१५ सालीं पदवीधर झाली, आणि त्याच वर्षीं दोघांचा विवाह झाला. आपण रागावलों किंवा उत्तेजित झालों म्हणजे आपल्या रक्ताचा दाब चढतोसें वाटतें, असें तिनें सहज बोलून दाखविलें होतें, अशी आठवण त्यांच्या कुटुंबांत सांगत.

विल्यमनें या गोष्टीचा प्रयोग करून पाहण्याचें ठरविलें. त्याची रीत अशी होती. कांहीं विद्यार्थ्यांस साक्षीदार बनवावयाचें व एका कल्पित गुन्ह्याची हकीकत त्यांच्याकडून वदवावयाची. कोणीं खरी हकीकत सांगावी, कोणीं बनावट. साक्ष चालू असतां डॉक्टर मंडळी वापरतात तसला पट्टा साक्षीदाराच्या दंडास बांधून मधूनमधून रक्ताचा दाब मोजावयाचा. हृदय आकुंचन पावतांना रक्ताचा जो दाब असतो, तो खोटें बोलतांना विशिष्ट रीतीनें चढतो, असें त्यास आढळलें. या प्रयोगांचा वृत्तांत त्यानें १९१७ सालीं प्रसिद्ध केला आणि शंभरांत सुमारें ९६ वेळां आपला निर्णय बरोबर ठरला, असा दावा केला. पुढें कॅलिफोर्नियांतील बर्कले शहरच्या पोलीस खात्यांत जॉन लार्सन यांनीं १९२१ सालीं रक्तदाब व श्वासोच्छ्वास यांची अखंड नोंद कागदावर उमटविणारें यंत्र तयार केलें. म्हणून यंत्राचा मान लार्सन यांस द्यावयाचा; परंतु रक्तदाबावरून असत्य ओळखण्याची कल्पना प्रयोगानें पुढें आणण्याचा मान मार्स्टन यांचा.

एलिझाबेथबाईंच्या शिक्षणाची हकीकतही येथेंच सांगितली पाहिजे. त्यांनाही कायदा शिकावयाचा होता. परंतु हार्वर्डच्या कायदेशाळेचे दरवाजे स्त्रियांना बंद होते, आणि ते १९५० पर्यंत बंदच राहिले. वडिलांनीं फीचे पैसे देण्याचें नाकारलें. बाईंनीं हार न मानतां पाकशास्त्राचीं पुस्तकें विकून पैसे जमविले आणि बॉस्टन विद्यापीठांतून १९१८ सालीं कायद्याची पदवी मिळविली. त्याच सालीं त्यांचे पति हार्वर्डमधून कायद्याचे पदवीधर झाले. १९२१ सालीं पतीस मानसशास्त्रांत डॉक्टरची पदवी मिळाली, आणि बाई रॅडक्लिफ कॉलेजांतून एम्. ए. झाल्या. योग्यतेनें दोघेंही बरोबरीचीं. परंतु पुस्तकांवर व वर्तमानपत्रांत बहुधा एकट्या पतीचेंच नांव झळकलें.

यापुढें डॉ. मार्स्टन यांची खरी कसोटी लागली. ते वॉशिंग्टन येथील अमेरिकन विद्यापीठांत शिकवीत असतां तेथील न्यायालयांत जेम्स फ्राय नांवाच्या निग्रो तरुणावर एका डॉक्टरच्या खुनाचा खटला उभा राहिला. फ्रायनें प्रथम गुन्हा कबूल केला होता. मागाहून आपण निर्दोष आहों, असें तो सांगूं लागला. मार्स्टन यांनीं १९२२ सालीं तुरुंगांत जाऊन त्याची परीक्षा घेतली आणि तो खरें बोलतो आहे, असें मत दिलें. परंतु न्यायाधीशांनीं असली साक्ष ऐकण्यास साफ नकार दिला. फ्राय दोषी ठरून त्यास जन्मठेप झाली. प्रकरण वरिष्ठ न्यायालयांत गेलें; तेथेंही डिसेंबर १९२३ मध्यें तोच निकाल कायम झाला. एखादी नवी शास्त्रीय परीक्षा न्यायालयानें मानावी, अशी इच्छा असेल तर त्या शास्त्रांतील जाणत्या लोकांनीं ती सामान्यतः मान्य केलेली असली पाहिजे, असा दंडक या निकालानें घातला. हा दंडक अमेरिकेच्या मध्यवर्ती न्यायालयांत १९९३ सालापर्यंत चालला, आणि कायद्याचे विद्यार्थी तो फ्रायच्या नांवानें शिकत आले.

ज्या वर्षीं हा निकाल लागला त्याच वर्षीं मार्स्टन यांच्यावर आणखी एक संकट आलें. त्यांच्या एका बुडालेल्या व्यापारी कंपनीच्या व्यवहारावरून फसवणुकीच्या आरोपाखालीं त्यांना अटक झाली. आरोप पुढें मागें घेण्यांत आले. परंतु तोंपर्यंत वर्तमानपत्रांनीं या असत्यशोधकाची यथेच्छ टर उडविली होती, आणि विद्यापीठांतील जागा हातची गेली. न्यायालयांत जिचा बोलबाला व्हावा म्हणून ते झटले, ती परीक्षा स्वतः त्यांच्या कामीं आली नाहीं.

येथें क्षणभर थांबून या परीक्षेच्या खरेपणाचा विचार करूं. रक्ताचा दाब चढतो हें खरें. परंतु तो खोटेपणामुळेंच चढतो काय? परीक्षेच्या खोलींत प्रश्नपत्रिका हातीं पडली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांचीं हृदयें धडधडूं लागतात; म्हणून ते सारे नक्कल करणारे ठरत नाहींत. निर्दोष मनुष्य भीतीनें कांपूं शकतो, आणि निर्ढावलेला लबाड शांतपणें बसूं शकतो. यंत्र मनाची खळबळ मोजतें; तिचें कारण त्यास कळत नाहीं. अमेरिकेंतील राष्ट्रीय शास्त्रसंस्थेनें २००३ सालीं सविस्तर चौकशी करून या परीक्षांचा पाया कच्चा असल्याचें दाखविलें. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंही ५ मे २०१० रोजीं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यांत असा निकाल दिला कीं, कोणाही मनुष्यावर त्याच्या संमतीवांचून ही परीक्षा लादतां येणार नाहीं. १९१५ सालीं हार्वर्डच्या प्रयोगशाळेंत निघालेला प्रश्न असा जवळजवळ शंभर वर्षांनीं आपल्या न्यायासनापुढें येऊन उभा राहिला.

१९२५ सालीं डॉ. मार्स्टन टफ्ट्स कॉलेजांत शिकवूं लागले. तेथें ओलिव्ह बर्न नांवाची एक विद्यार्थिनी त्यांच्या प्रयोगांत साहाय्य करूं लागली. तिची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर या दोघी बहिणींनीं १९१६ सालीं ब्रुकलिन येथें संततिनियमनाचें अमेरिकेंतील पहिलें केंद्र उघडिलें होतें. त्याबद्दल एथेलबाईंना १९१७ च्या जानेवारींत कैद झाली. तुरुंगांत त्यांनीं अन्न वर्ज्य केलें, तेव्हां सरकारनें त्यांना बळजबरीनें अन्न भरविलें. मार्गारेट सँगर या पुढें हिंदुस्थानांतही आल्या. १९३५ च्या डिसेंबरांत वर्ध्यास त्यांची व महात्मा गांधींची भेट झाली आणि संततिनियमनाच्या प्रश्नावर दोघांत तीव्र मतभेद दिसून आला, हें आमच्या कांहीं वाचकांस ठाऊक असेल.

ओलिव्ह बर्न या मार्स्टन यांच्या घरीं राहावयास आल्या त्या कायमच्याच. त्या घरांत चार मुलें झालीं : दोन एलिझाबेथबाईंचीं व दोन ओलिव्हबाईंचीं, चौघांचा बाप एकच. कायद्यानें मार्स्टन यांस पत्नी एकच होती. म्हणून जगाला असें सांगण्यांत आलें कीं, ओलिव्हबाई या एक विधवा असून त्यांचे पति वारले आहेत. असा कोणी पति कधींच नव्हता. एलिझाबेथबाईंनीं नोकरी करावी आणि ओलिव्हबाईंनीं चारी मुलांचें संगोपन करावें, अशी घरांतील व्यवस्था होती. ओलिव्हबाईंच्या दोघां मुलांस मार्स्टन दांपत्यानें पुढें कायद्यानें दत्तक घेतलें. परंतु आपला खरा बाप कोण, हें त्यांस कळूं दिलें नाहीं. मार्स्टन यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं, स्वतः कर्ते पुरुष झाल्यावर, त्यांना तें कळलें.

ही हकीकत शाळेच्या मासिकांत छापावी कीं नाहीं, असा विचार आमच्याही मनांत आला. परंतु ती गाळली असती तर आम्हीही त्याच लपवालपवीचे भागीदार झालों असतों. शिवाय ती १९६३ नंतर हळूहळू बाहेर येऊन आतां छापील चरित्रांत सर्वांसमोर आहे. त्या घरांतील माणसांचें परस्परांवर प्रेम नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. उलट पुढें जें सांगावयाचें आहे त्यावरून तें खोल होतें असेंच दिसतें. पण आपल्या पित्याविषयीं विचारणाऱ्या मुलास वर्षानुवर्षें खोटें उत्तर देणें हा अन्याय होय, आणि जो मनुष्य परक्यांचें असत्य शोधण्यास निघाला त्याच्या घरांत तो घडावा, ही गोष्ट विशेष खेदाची आहे.

टफ्ट्सनंतर मार्स्टन कांहीं काळ कोलंबिया विद्यापीठांत होते. १९२८ सालीं त्यांनीं सामान्य माणसांच्या भावनांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळचे बहुतेक मानसशास्त्रज्ञ रोगी मनाचा अभ्यास करीत. मार्स्टन यांनीं निरोगी मनाकडे दृष्टि वळविली आणि प्रभुत्व, प्रेरणा, समर्पण व अनुपालन अशा चार मूळ भावना सांगितल्या. मनुष्यानें बळापुढें वांकावें यापेक्षां प्रेमापुढें आपण होऊन नमावें, यांत खरें सुख आहे, आणि असें प्रेमाचें शासन पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक साधतें, असा त्यांचा सिद्धांत होता. या चार भावनांवरून दुसऱ्या लोकांनीं पुढें स्वभावपरीक्षेचे नमुने तयार केले, आणि नोकरीवर माणसें घेतांना कित्येक कंपन्यांनीं ते वापरले.

परंतु प्रसिद्धीची हांव हा मार्स्टन यांचा मोठा दोष होता. १९२८ सालींच न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहांत निरनिराळ्या रंगांच्या केसांच्या नर्तकींना बोलपट नव्हे, तर त्या वेळचे मूकपट दाखवून त्यांच्या भावना मोजण्याचा तमाशा त्यांनीं वर्तमानपत्रकारांसमोर केला. पुढें दाढीच्या पात्याच्या जाहिरातींतही त्यांचें यंत्र दिसलें. अशा प्रकारांनीं शास्त्रज्ञांच्या मंडळींत त्यांची पत घसरत गेली आणि विद्यापीठांत स्थिर जागा कधींच मिळाली नाहीं. चित्रपटाच्या एका कंपनींत त्यांनीं कांहीं दिवस नोकरी केली, पुस्तकें लिहिलीं, व्याख्यानें दिलीं. पण घर चाललें तें मुख्यतः एलिझाबेथबाईंच्या पगारावर. त्या १९३३ सालापासून एका मोठ्या विमा कंपनींत नोकरीस होत्या. १९३७ सालीं मार्स्टन यांनीं भाकीत केलें कीं, हजार वर्षांच्या आंत जगाचें राज्य स्त्रियांच्या हातीं जाईल. निदान त्यांच्या घरचा कारभार तरी तोंवर स्त्रियांच्याच हातीं गेलेला होता!

आतां चरित्राचा उत्तरार्ध. १९३८ सालीं सुपरमॅन व १९३९ सालीं बॅटमॅन या वीरांच्या चित्रकथा निघाल्या आणि दहा सेंटांच्या त्या पुस्तकांवर अमेरिकेंतील मुलांच्या उड्या पडूं लागल्या. पालक व शिक्षक घाबरले. १९४० च्या मे महिन्यांत शिकागोच्या एका वर्तमानपत्रांत स्टर्लिंग नॉर्थ या टीकाकारानें, हीं पुस्तकें म्हणजे राष्ट्राला लाज आणणारी गोष्ट असून तीं मुलांचे डोळे व मन दोन्ही बिघडवितात, असा हल्ला चढविला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत एका घरगुती मासिकांत ओलिव्हबाईंनीं दुसऱ्या नांवानें लिहिलेली मार्स्टन यांची मुलाखत प्रसिद्ध झाली. जणूं एखाद्या परक्या पंडिताच्या दारीं जात आहों, अशा थाटानें ती लिहिली होती. चित्रकथांना हंसूं नका, त्यांत मुलांच्या मनाला वळण लावण्याची मोठी शक्ति आहे, असा तिचा आशय होता. ती वाचून मॅक्स गेन्स या प्रकाशकानें मार्स्टन यांना शिक्षणविषयक सल्लागार नेमलें. याच गेन्सनें १९४२ पासून पवित्र शास्त्रांतील कथाही चित्ररूपानें छापल्या.

मार्स्टन यांचा मुख्य आक्षेप असा होता कीं, या सर्व कथांतील वीर केवळ बाहुबळाचे. मुलांना बळ आवडतें हें खरें. पण बळाबरोबर ममता, क्षमा व सत्य हींही त्यांच्या डोळ्यांपुढें आलीं पाहिजेत. तर मग वीर न करतां वीरांगना करावी. ही सूचना एलिझाबेथबाईंचीच, असें त्यांच्या घरांत सांगत. १९४१ च्या फेब्रुवारींत मार्स्टन यांनीं पहिली कथा लिहून दिली. नायिकेचें नांव त्यांनीं सुप्रिमा, वंडर वूमन असें लांबलचक ठेविलें होतें. संपादक शेल्डन मेयर यांनीं त्यांतील पहिला शब्द छाटला. चित्रें काढण्यास हॅरी पीटर हे साठीचे अनुभवी चित्रकार मिळाले. लेखकाचें नांव छापलें तें चार्ल्स मोल्टन. यांत चार्ल्स हें गेन्स यांचें मधलें नांव व मोल्टन हें मार्स्टन यांचें.

कथा ग्रीक पुराणांवर रचली होती. ॲमेझॉन नांवाच्या शूर स्त्रिया जगापासून दूर एका बेटावर राहतात. त्यांची राणी हिपोलिटे मातीची एक मुलगी घडविते आणि देवतांच्या वरानें तीं मातीचीं गात्रें सजीव होतात. पुढें महायुद्धांत एका अमेरिकन अधिकाऱ्याचें विमान त्या बेटावर कोसळतें. त्यास घेऊन ती कन्या मनुष्यांच्या जगांत येते आणि अन्यायाविरुद्ध लढूं लागते. तिच्या हातांत बंदुकीच्या गोळ्या परतविणारीं कंकणें आहेत. ओलिव्हबाई नेहमीं हातांत रुंद कंकणें घालीत, त्यांवरून तीं सुचलीं. तिच्याजवळ एक सोन्याचा पाश आहे. त्यांत सांपडलेल्या मनुष्यास तिची आज्ञा पाळावीच लागते, म्हणून खरें सांग म्हटलें कीं खरेंच सांगावें लागतें. प्रयोगशाळेंतील दंडाचा पट्टा जें करूं शकला नाहीं, तें कथेंतील पाशानें केलें! शत्रूस ठार मारण्यापेक्षां त्यास सुधारावें, अशीच तिची वृत्ति असे.

ही वीरांगना १९४१ च्या अखेरीस प्रथम बाहेर आली आणि १९४२ च्या उन्हाळ्यांत तिचें स्वतंत्र पुस्तक निघालें. त्यांत ॲलिस मार्बल या प्रसिद्ध टेनिसपटु बाईंच्या देखरेखीखालीं इतिहासांतील थोर स्त्रियांचीं चित्रमय चरित्रें येऊं लागलीं. पहिलें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें, दुसरें क्लारा बार्टन यांचें. इतर वीरांच्या मंडळांत एका स्त्रीस घ्यावें कीं नाहीं, अशी प्रकाशकानें मुलांचीच मतें मागविलीं, तेव्हां पहिल्या १८०१ उत्तरांत १२६५ मुलगे व ३३३ मुली अनुकूल निघाल्या. १९७ मुलगे व अवघ्या ६ मुली प्रतिकूल. मुलांनीं असा उदार कौल दिला. परंतु ती मंडळांत गेल्यावर त्या कथांच्या लेखकानें, जो मार्स्टन नव्हता, तिला चिटणीस करून टांकलें, आणि वीर लढाईस निघाले कीं ती कचेरींत कागदपत्रें सांभाळीत बसूं लागली.

टीकाही कमी झाली नाहीं. तिचा पोशाख तोकडा आहे, म्हणून एका धार्मिक संस्थेनें १९४२ सालीं तें पुस्तक नापसंत पुस्तकांच्या यादींत घातलें. बालशिक्षणाच्या जाणत्या जोसेट फ्रँक यांनीं दुसरा आक्षेप घेतला. कथेंत नायिकेस वारंवार साखळदंडांनीं बांधलेलें दाखवितात, तें मुलांच्या पुस्तकांत शोभत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. साखळी तोडणारी स्त्री हें मताधिकाराच्या चळवळींतील व्यंगचित्रांचें ठरलेलें चित्र होतें. चित्रकार पीटर यांनीं त्या काळीं तसल्या मासिकांत काम केलें होतें. हें लक्षांत घेतलें तरी साखळ्यांची इतकी रेलचेल कथेस आवश्यक नव्हती, आणि फ्रँकबाईंचा आक्षेप अगदींच निराधार नव्हता, असें आम्हांस वाटतें.

१९४४ च्या ऑगस्टांत मार्स्टन यांना पोलिओनें गांठलें आणि त्यांचे पाय गेले. खुर्चीवर व पुढें अंथरुणावर पडून ते कथा लिहीत राहिले. जॉय हमेल नांवाची एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी त्यांनीं मदतनीस घेतली होती. तिनें अनेक कथा स्वतः लिहिल्या, पण तिचें नांव कोठेंही छापलें गेलें नाहीं. जिल लेपोर या इतिहासकार बाईंनीं २०१४ सालीं आपल्या ग्रंथांत ही हकीकत उजेडांत आणिली, तेव्हां हमेलबाई नव्वदीला पोहोंचल्या होत्या. २ मे १९४७ रोजीं, चौपन्नाव्या वाढदिवसास एक आठवडा उरला असतां, न्यूयॉर्कजवळ राय येथें राहत्या घरीं मार्स्टन यांचें कर्करोगानें निधन झालें.

नायिकेच्या कथा पुढें चालविण्याची तयारी एलिझाबेथबाईंनीं दाखविली; ती स्वीकारली गेली नाहीं. दुसऱ्या लेखकांच्या हातीं त्या वीरांगनेचें लढणें मागें पडून प्रेमप्रकरणें पुढें आलीं, आणि थोर स्त्रियांच्या चरित्रांची जागा लग्नाच्या रीतिरिवाजांनीं घेतली. १९७२ च्या जुलैंत स्त्रियांच्या चळवळीच्या एका नव्या मासिकानें तिला मुखपृष्ठावर आणिलें, तेव्हां तिचे जुने दिवस परतले. १९७५ पासून ती दूरचित्रवाणीवर दिसली आणि २०१७ सालीं पॅटी जेन्किन्स या दिग्दर्शिकेच्या चित्रपटांतून आपल्याकडील मुलांनींही ती पाहिली.

आणि त्या दोन स्त्रियांचें काय झालें? पति गेल्यावर त्या विभक्त झाल्या नाहींत. एलिझाबेथबाईंनीं नोकरी करून चारी मुलांचें शिक्षण केलें. ओलिव्हबाईंनीं घर सांभाळलें. दोघी शेवटपर्यंत एकमेकींच्या सोबतीनें राहिल्या. ओलिव्हबाई १९९० सालीं वारल्या. एलिझाबेथबाई १९९३ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं. ज्या निष्ठेचे व कष्टाचे गोडवे मार्स्टन यांनीं चित्रकथेंत गाइले, ती निष्ठा व ते कष्ट त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरांत व बायकोच्या कचेरींत नित्य चालले होते.

पालकवर्गास आम्ही एवढेंच सुचवितों कीं, मुलाच्या हातांतील चित्रकथा हिसकावून घेण्यापूर्वीं ती एकदां त्याच्याबरोबर वाचून पाहावी. जोसेट फ्रँक यांनीं तेंच केलें. म्हणून त्यांची टीका आजही विचारार्ह वाटते. न वाचतां केलेली निंदा मुलें लगेच ओळखतात.

विद्यार्थिमित्रांनो, दंडास पट्टा बांधून किंवा सोन्याचा पाश टाकून दुसऱ्याकडून सत्य काढावें, यासाठीं डॉ. मार्स्टन यांनीं पुष्कळ खटाटोप केला. पट्टा निरुपयोगी ठरला आणि पाश कल्पनेंतच राहिला. आपणहून सत्य सांगण्यास जें धैर्य लागतें, तें त्यांच्या नायिकेपाशीं होतें; त्यांच्यापाशीं घरच्या बाबतींत तें नव्हतें, आणि त्याची किंमत त्यांच्या दोन मुलांनीं मोजली. त्यांची बुद्धि, आजारांतही न सुटलेली त्यांची चिकाटी आणि मुलींच्या सामर्थ्यावरील त्यांचा विश्वास हीं तुम्ही अवश्य घ्यावीं. घरीं कोणी खरें विचारलें असतां खरें सांगण्याची संवय मात्र दुसऱ्या कोणापासून तरी, आणि शक्य तितकी लवकर, लावून घ्यावी.